स्प्रिंगच्या एअर रायफलवर दुर्बिणीचा झिरो टिकत नाही: कारण कसे शोधावे आणि दुर्बीण कशी निवडावी

एअर रायफलवर नवी दुर्बीण चढवली, सकाळभर बसून झिरो केला, म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा पडेल अशी ती जुळवली, आणि पुढच्या रविवारी त्याच अंतरावर, त्याच डबीतल्या छर्ऱ्यांनी मारलेला ग्रुप (छिद्रांचा पुंजका) दोन बोटे डावीकडे आणि बोटभर खाली पडला, ही तक्रार मुंबईतल्या हौशी नेमबाजांकडून वर्षभर ऐकू येते आणि पावसाळा सरल्यावर तिचे प्रमाण वाढते. तक्रारदार आधी दुर्बिणीवरच्या कळीचे क्लिक फिरवून झिरो पुन्हा जुळवतो, तो पुन्हा बिघडला की दुर्बीण बदलतो आणि दुप्पट किमतीची दुर्बीणही तशीच वागू लागली की रायफलच विकायला काढतो. माझे मत असे आहे की यांतल्या बहुतेक प्रकरणांत दुर्बीण निर्दोष असते. जिथे ती खरोखर दोषी असते, तिथेही ती हलक्या दर्जाची असतेच असे नाही. पुष्कळदा ती वेगळ्या जातीच्या बंदुकीसाठी घडवलेली असते.

येथील सारे विवेचन नळी मोडून भरायच्या, स्प्रिंग आणि पिस्टनवर चालणाऱ्या ४.५ मिलिमीटर म्हणजे ०.१७७ बोअरच्या रायफलींपुरते आणि १० ते ३० मीटर अंतरावरील कागदी लक्ष्यांपुरते आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार ०.१७७ पेक्षा मोठ्या बोअरच्या किंवा २० जूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागतो, त्यामुळे बहुतेकांच्या हाती याच जातीची रायफल असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीचा प्रश्न आपल्याकडे उद्भवत नाही. बोरिवली, मुलुंड किंवा ठाण्याच्या येऊर भागात राहणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाण्यासही मनाई आहे.

ज्यांना पुढे स्पर्धेत उतरायचे आहे त्यांनी दुर्बिणीवर पैसे खर्चूच नयेत. अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांनी गाजवलेल्या १० मीटर एअर रायफल प्रकारात आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलेल्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारातही दुर्बिणीला परवानगी नसते. तिथे बारीक छिद्राची पीप साइट वापरावी लागते.

या रायफलीचा धक्का दुहेरी असतो

दारूच्या बंदुकीचा धक्का एकाच दिशेने, म्हणजे मागे खांद्याकडे बसतो. स्प्रिंगच्या रायफलीत चाप ओढताच जड पिस्टन पुढे झेपावतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून रायफल मागे येते. पिस्टन सिलिंडरच्या टोकाशी दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो तेव्हा तीच रायफल हिसका बसून पुढे जाते. हे दोन्ही झटके काही सहस्रांश सेकंदांच्या आत बसतात आणि छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच रायफल हलू लागलेली असते.

साध्या दुर्बिणीतील भिंगांची बैठक आणि आतल्या स्प्रिंगा मागे येणारा धक्का सोसण्याच्या हिशेबाने रचलेल्या असतात, त्यामुळे दुसरा, पुढचा हिसका त्यांना अनपेक्षित ठरतो. अमेरिकेतले नातेवाईक हौसेने दुर्बीण आणतात आणि तिच्या खोक्यावर ती ठासणीच्या बंदुकीसाठी किंवा मॅग्नम रायफलीसाठी असल्याचे लिहिलेले असते. आधुनिक ठासणीच्या बंदुकीत दारूचा मोठा बार भरतात आणि तिचा धक्का जबरदस्त असतो, म्हणून एवढा धक्का सोसणाऱ्या दुर्बिणीपुढे आपली हवेची रायफल म्हणजे किस झाड की पत्ती, असा समज होतो. पण ठासणीच्या बंदुकीवर वर्षानुवर्षे टिकलेली दुर्बीण स्प्रिंगच्या रायफलीवर काही आठवड्यांत क्रॉसहेअर (नेमाच्या फुलीच्या रेघा) सैल होऊन निकामी होऊ शकते. आधीच हवा भरून ठेवलेल्या पीसीपी रायफलीला मात्र धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळे अशा रायफलीवर ही अडचण येत नाही.

दुर्बिणीला हात लावण्याआधी

पहिली तपासणी दस्त्याच्या स्क्रूंची करावी. पुढच्या बाजूचे दोन आणि चापाच्या गार्डजवळचे एक-दोन स्क्रू दुहेरी धक्क्याने हमखास ढिले होतात. मुंबईच्या पावसाळ्यात लाकडी दस्ता ओल शोषून फुगतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात आक्रसतो, तेव्हा जूनमध्ये आवळलेला स्क्रू दिवाळीच्या सुमारास अर्धा फेरा फिरण्याइतका सैल सापडतो. पावसाळ्यानंतर तक्रारी वाढतात त्यामागे बहुधा हेच कारण असते. स्क्रू काढून त्यांचे आटे स्वच्छ करावेत आणि पुन्हा उघडता येईल अशा मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब लावून ते बसवावेत. त्याच वेळी नळी बंद स्थितीत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहावी. बिजागरीच्या बोल्टपाशी तिळमात्र जरी खेळ जाणवला तरी तो आधी काढावा, कारण दुर्बीण सिलिंडरवर बसते आणि छर्रा नळीतून जातो, म्हणून या दोहोंमधला सांधा ढिला असेल तर कोणतीच दुर्बीण उपयोगाची नाही.

दुसरी तपासणी रायफल धरण्याच्या पद्धतीची. छर्रा बाहेर पडेपर्यंत रायफल हलत असल्यामुळे ती दर वेळी सारखीच हलू देणे हाच एक उपाय आहे. पुढचा हात उघडा ठेवून रायफल तळव्यावर नुसती विसावू द्यावी, बोटांनी आवळू नये, खांद्यात घट्ट रोवू नये आणि लाकडाच्या ठोकळ्यावर किंवा टेबलाच्या कडेवर थेट टेकवू नये. झिरो वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून केला आणि नंतर नेम उभ्याने मारला, तर ग्रुप सरकलेला दिसणारच. तळवा कुठे ठेवायचा त्या जागी दस्त्यावर चिकटपट्टीची खूण करून ठेवली तर फरक लगेच कळतो.

यानंतर दुर्बीण उतरवून रायफलीच्या मूळच्या उघड्या, म्हणजे बिनभिंगाच्या, साइटवर पाच-पाच छर्ऱ्यांचे काही ग्रुप मारावेत. ते नीट जमले तर दोष दुर्बिणीत किंवा माउंटमध्ये (दुर्बीण रायफलीवर धरणाऱ्या रिंगांच्या पकडीत) आहे आणि तेही विखुरले तर रायफल, छर्रे किंवा धरण्याची पद्धत यांपैकी काहीतरी चुकते आहे. ही चाचणी एका सकाळी उरकते आणि तिला एक पैसाही लागत नाही, तरी ती करणारे थोडेच भेटतात. आजकाल काही रायफलींवर उघड्या साइट नसतात. अशा वेळी एखाद्या स्नेह्याच्या रायफलीवर टिकून असलेली दुर्बीण मागून घ्यावी. सिलिंडरमध्ये तेल जास्त झाले असेल तर ते दाबाखाली पेटते, आवाज मोठा येतो, नळीतून धूर निघतो आणि छर्ऱ्याचा वेग दर वेळी बदलतो. असा धूर थांबेपर्यंत कोणताही निष्कर्ष काढू नये.

अंतराची एक गोम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दुर्बिणीचा मध्य नळीच्या मध्यापासून ४५ मिलिमीटर वर असेल आणि छर्रा सेकंदाला २४० मीटर वेगाने निघत असेल, तर २० मीटरवर झिरो केलेली रायफल १० मीटरवर आणि ३० मीटरवरही हिशेबाने साधारण एक सेंटिमीटर खाली मारते. म्हणून मोजपट्टीने अंतर मोजल्याशिवाय झिरो सरकला असे म्हणू नये. कर्जत-मुरबाडकडच्या शेतावर पावलांनी मोजलेले २० मीटर पुष्कळदा १७ किंवा २४ भरतात.

माउंट सरकतो आहे का

आपल्याकडच्या बहुतेक एअर रायफलींच्या सिलिंडरवर सुमारे ११ मिलिमीटर रुंदीची डव्हटेल खाच असते आणि माउंट तिला दोन्ही बाजूंनी चिमटीसारखा धरतो. पुढच्या हिसक्याने रायफल पुढे जाते आणि दुर्बिणीचे वजन जागीच राहू पाहते, म्हणून माउंट हळूहळू नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे सरकतो. हे सरकणे एका वेळी केसाइतके असते, त्यामुळे नुसत्या नजरेला ते कळत नाही. माउंटच्या मागच्या कडेला लागून सिलिंडरवर, तसेच रिंगच्या कडेला लागून दुर्बिणीच्या नळीवर, पांढऱ्या रंगाने किंवा चिकटपट्टीने बारीक रेघ मारून ठेवावी. पुढच्या सत्रानंतर रेघ आणि कड यांच्यात फट दिसली तर दोषी सापडला.

उपाय म्हणून माउंट आणखी आवळण्याचा मोह होतो, पण त्याने डव्हटेलची कड चुरडते आणि दुर्बिणीच्या ॲल्युमिनियमच्या नळीला खळगा पडतो. योग्य उपाय म्हणजे सलग एका तुकड्याचा, खालून स्टॉप पिन येणारा माउंट घेणे आणि ती पिन सिलिंडरवर मागच्या बाजूला असलेल्या छिद्रात बसवणे. छिद्र नसलेल्या रायफलीवर मागून टेकणारा वेगळा स्टॉपर लावता येतो. बसवण्यापूर्वी खाच आणि माउंटचे जबडे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलाचा अंश काढून टाकावा, कारण गंज टाळण्यासाठी लावलेले तेलच इथे वंगणाचे काम करते. रिंगांच्या वरच्या अर्ध्या भागाचे स्क्रू आलटून पालटून, समोरासमोरचे, साधारण २ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत. टॉर्क रेंच जवळ नसेल तर लहान ॲलन की तिच्या आखूड बाजूने, दोन बोटांनी जेवढी फिरेल तेवढीच फिरवावी.

नळीचा झुकाव आणि दुर्बिणीच्या आतली सैल स्प्रिंग

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त गोंधळ घालणारे कारण हे आहे. याविषयी दुकानदारही क्वचितच बोलतात.

नळी मोडून भरायच्या रायफलीत नळीचे तोंड सिलिंडरच्या मानाने थोडे खाली झुकलेले असते. उघड्या साइटवर याने काही बिघडत नाही, कारण पुढची साइट नळीवरच असते. दुर्बीण मात्र सिलिंडरशी समांतर बसते, म्हणून पहिला छर्रा २० मीटरवर पाच-सहा सेंटिमीटर किंवा त्याहूनही खाली पडतो आणि मालक दुर्बिणीवरची, नेम वर-खाली करणारी कळ ‘अप’ दिशेने फिरवत सुटतो. चौथाई मिनिटाच्या (इथे मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग) एका क्लिकने २० मीटरवर नेम जेमतेम दीड मिलिमीटर वर जातो, म्हणजे सहा सेंटिमीटर भरून काढायला चाळीसएक क्लिक लागतात. त्याहून अधिक झुकावाच्या रायफलीत कळ आपल्या टोकाशी जाऊन पोहोचते.

दुर्बिणीच्या आत एक लहान नळी असते. तिच्यावर वरून कळीचा स्क्रू दाब देतो आणि विरुद्ध बाजूने एक स्प्रिंग तिला त्या स्क्रूशी टेकवून धरते. कळ ‘अप’ फिरवली की स्क्रू बाहेर येतो आणि स्प्रिंग सैल होत जाते. ती पुरती सैलावली की आतली नळी प्रत्येक धक्क्यानंतर जराशी वेगळ्या जागी विसावते. याची लक्षणे ठरावीक असतात: क्लिक फिरवल्यावर काहीच बदल होत नाही, मग दोन-तीन छर्ऱ्यांनंतर एकदम उडी बसते, किंवा एकाच कागदावर दोन वेगळे, पण आपापल्या जागी घट्ट, ग्रुप दिसतात. अशी दुर्बीण नादुरुस्त समजून टाकून देऊ नये.

वरची कळ हळुवारपणे एका टोकाला न्यावी, मग दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत यावे आणि निम्म्यावर थांबावे; नेम डावी-उजवीकडे नेणाऱ्या बाजूच्या कळीचेही तसेच करावे. आता कळींना हात न लावता २० मीटरवर ग्रुप मारून तो नेमाच्या किती खाली पडतो ते मोजावे. समजा तो ६० मिलिमीटर खाली आला आणि दोन रिंगांच्या मध्यांतले अंतर १०० मिलिमीटर आहे. तर मागची रिंग ०.३ मिलिमीटर उचलली की हिशेब जुळतो. घरात जुन्या फोटोंच्या निगेटिव्ह असतील तर त्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मची जाडी सुमारे ०.१३ मिलिमीटर असते, म्हणजे मागच्या रिंगच्या खालच्या अर्ध्या भागात फिल्मचे दोन तुकडे ठेवल्याने काम जवळजवळ भागते आणि उरलेला फरक थोड्या क्लिकांत निघतो. याहून जास्त थर देऊ नयेत, कारण रिंगा एका रेषेत राहत नाहीत आणि दुर्बिणीची नळी वाकते. झुकाव त्याहून जास्त असेल तर मागची बाजू उंच असलेला, झुकाव भरून काढणारा माउंट मिळतो. तो दुर्बिणीच्या मानाने स्वस्त असतो, आणि कपाटात जाऊन पडलेल्या कित्येक दुर्बिणी त्याने पुन्हा कामाला लागतील असा माझा अंदाज आहे.

बाजूची कळही टोकाला गेली असेल तर नळी आडवी वाकलेली असू शकते. दोन्ही दिशांनी फिरवता येणाऱ्या माउंटने ते सावरता येते, परंतु रायफल नवीन असेल तर ती विक्रेत्याकडे परत नेणेच बरे.

पॅरॅलॅक्स

डोळा भिंगाच्या मध्यापासून सरकला की क्रॉसहेअरही लक्ष्यावरून सरकल्यासारखा दिसतो, त्याला पॅरॅलॅक्स म्हणतात; ज्या अंतरावर तो ठरवलेला असतो तिथेच तो नाहीसा होतो. दारूच्या रायफलींसाठी केलेल्या बहुतेक दुर्बिणींचा पॅरॅलॅक्स कारखान्यातच १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर कायमचा ठरवलेला असतो. पुढचे भिंग ४० मिलिमीटरचे असलेल्या अशा दुर्बिणीतून २० मीटरवर नेम धरताना डोळा मध्यापासून अगदी काठाला सरकला, तर नेम १५ मिलिमीटरपर्यंत चुकू शकतो, म्हणजे छर्ऱ्याच्या तिप्पट रुंदीइतका. पॅरॅलॅक्स ५० यार्डांवर ठरवलेला असला तरी ही चूक ११ मिलिमीटरच्या आसपास राहते. गाल दर वेळी दस्त्यावर जरा वेगळ्या जागी टेकत असेल, तर झिरो सरकल्याचा भास याच कारणाने होतो. दुर्बीण उंच आणि दस्ता ठेंगणा असला की गाल हवेत राहतो आणि हे हटकून घडते.

तपासणी सोपी आहे. रायफल रिकामी करून पिशव्यांवर स्थिर ठेवावी, क्रॉसहेअर लक्ष्याच्या मध्यावर आणावा आणि रायफलीला स्पर्श न करता डोके वर-खाली, डावी-उजवीकडे हलवावे. क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकताना दिसला तर पॅरॅलॅक्स आहे. फिरते ऑब्जेक्टिव्ह (पुढच्या भिंगाभोवतीचे फिरवता येणारे कडे) किंवा बाजूची फोकस कळ असेल तर तिच्यावर छापलेल्या आकड्यांपेक्षा याच चाचणीवर विश्वास ठेवावा. कायम पॅरॅलॅक्सची दुर्बीण असेल आणि ती बदलणे शक्य नसेल, तर काळ्या जाड कागदाची चकती कापून, मध्ये २० मिलिमीटरचे गोल छिद्र पाडून ती पुढच्या भिंगावर बसवावी. प्रकाश कमी होतो, पण चूकही निम्म्यावर येते. दिवसाउजेडी कागदावर नेम मारणाऱ्याला हा सौदा परवडतो.

पावसाळा

वातानुकूलित खोलीतून बाहेरच्या दमट हवेत आणलेल्या दुर्बिणीच्या बाहेरच्या भिंगावर वाफ धरते. ती पुसू नये, दहा-पंधरा मिनिटांत आपोआप जाते. वाफ आतल्या बाजूने धरत असेल तर दुर्बिणीत कारखान्यात भरलेला नायट्रोजन वायू निघून गेला असून सील फुटले आहे, आणि त्याला घरगुती उपाय नाही. जुलै-ऑगस्टमध्ये फोमच्या बंद पेटीत पडून राहिलेल्या दुर्बिणीच्या भिंगावर बुरशीचे कोळिष्टकासारखे तंतू उठतात आणि ते भिंगावरचा लेप कायमचा खातात. हवाबंद डबा, रंग बदलणारे सिलिका जेल आणि कॅमेऱ्यांच्या दुकानात मिळणारा लहान आर्द्रतामापक एवढ्याने काम भागते. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी भिंग कापडाने पुसण्याआधी ब्लोअरने धूळ आणि मिठाचे कण उडवून द्यावेत.

नवी घ्यायचीच असेल तर

वरील सारे करूनही झिरो सरकत असेल, दुर्बीण हलवल्यावर आत खुळखुळत असेल, क्रॉसहेअर तिरका झाला असेल किंवा वीस क्लिक उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली असा चौकोन मारल्यावर शेवटचा ग्रुप पहिल्या जागी परत येत नसेल, तर दुर्बीण खरोखर गेली आहे.

नवी घेताना ३–९×४० मापाची (३ ते ९ पट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग ४० मिलिमीटरचे), २५.४ मिलिमीटर नळीची आणि १० मीटरपर्यंत खाली येणाऱ्या फिरत्या ऑब्जेक्टिव्हची दुर्बीण पुरेशी आहे. वजन अर्ध्या किलोच्या आत असावे. जड दुर्बीण मजबूत असा सर्वसाधारण समज असला तरी स्प्रिंगच्या रायफलीवर जितके वजन जास्त तितका माउंट सरकण्याचा धोका जास्त. ५० मिलिमीटरचे भिंग उंच रिंगा मागते, गाल दस्त्यावरून उचलायला लावते आणि पॅरॅलॅक्सची चूक वाढवते. तेव्हा ते टाळावे. पंधरा-वीस पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीत ३० मीटरवरच्या कागदापेक्षा स्वतःच्या नाडीचे ठोकेच अधिक दिसतात.

दुकानात दुर्बीण काउंटरवर किंवा उंबऱ्याच्या काठावर स्थिर ठेवून रस्त्यापलीकडच्या पाटीवरचे एखादे अक्षर धरावे, ऑब्जेक्टिव्ह फिरवून ते स्पष्ट करावे आणि डोके हलवून क्रॉसहेअर त्या अक्षरावर स्थिर राहतो की नाही ते पाहावे. नंतर झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून क्रॉसहेअर अक्षरावरून ढळत नाही ना, हेही पाहावे. दोन्ही कळी टोकापासून टोकापर्यंत फिरवून प्रत्येक क्लिक सारखा जाणवतो का, ते बोटांनी अजमावावे. गर्दीच्या वेळी दुकानदार कंटाळतो, म्हणून शनिवारी संध्याकाळी न जाता आठवड्यातल्या दुपारी जावे. शेवटी, वॉरंटी स्प्रिंग-पिस्टन एअर रायफलीवरच्या वापराला लागू आहे, असे बिलावर किंवा वॉरंटी कार्डावर स्पष्ट लिहून घ्यावे. ‘एअरगनसाठी योग्य’ एवढे शब्द पुरत नाहीत, कारण पीसीपीदेखील एअरगनच आहे. विक्रेता तसे लिहून देण्यास कां-कूं करत असेल तर ती दुर्बीण तिथेच ठेवावी.